नवा इअरफोन घेतलाय? आधी आवाजाचा हिशेब बसवा

लातूरला बसस्थानकासमोरच्या गल्लीत माझं मोबाइलच्या सामानाचं दुकान आहे. चार्जर, कव्हर, काच, आणि सगळ्यात जास्त खपतात ते इअरफोन. जून लागला की नांदेड, परभणी, बीड, हिंगोलीकडून पोरं-पोरी ट्युशनला येतात, खोली घेतात, मेस लावतात आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी माझ्या काउंटरला उभी राहतात. बऱ्याच जणांचा तो आयुष्यातला पहिला इअरफोन असतो.

मागच्या वर्षी असाच एक पोरगा आला. नेकबँड (गळ्यात अडकवायचा ब्लूटूथ इअरफोन) फोनला जोडला, गाणं लावलं आणि सगळ्यात आधी आवाजाचं बटण शेवटपर्यंत दाबलं. मग तोंड वाकडं केलं. “भाऊ, आवाज कमीच यायलाय की.” बाहेर एसटी मागं घ्यायला कंडक्टर शिट्टी मारत होता, रिक्षावाले “गंजगोलाई, गंजगोलाई” ओरडत होते आणि शेजारच्या रसवंतीची घुंगरं वाजत होती. मी त्याला दुकानामागच्या माल ठेवायच्या खोलीत नेलं, दार लावून घेतलं. “आता ऐक.” दोन सेकंदांत त्यानं कानातलं ओढून काढलं. “आई गं! लई होतंय की हे!”

गाणं तेच, आवाजही तेवढाच. फक्त बाहेरचा कालवा गेला होता. इअरफोननं कान खराब होतात असं सगळे म्हणतात, पण नेमकं कसं, ते त्या खोलीत दिसतं. आपण गाणं ऐकण्यासाठी आवाज वाढवत नाही, बाहेरच्या गोंगाटावर मात करण्यासाठी वाढवतो. पुढच्या सगळ्या पायऱ्या या एका गोष्टीभोवती फिरतात.

मी डॉक्टर नाही, हे आधीच सांगतो. पण हे शिकण्याची किंमत मोजली आहे. आठ वर्षं रोज वीस-तीस इअरफोन “चालू आहे का” म्हणून पूर्ण आवाजात, डाव्याच कानात लावून बघत होतो. उजव्या कानाला दुकानाचा फोन असायचा. आता रात्री घरातला पंखा बंद झाला की डाव्या कानात बारीक शिट्टी ऐकू येते. लाइट गेल्यावर सगळं गाव शांत होतं, माझा डावा कान तेवढा होत नाही.

आधी कानाच्या आत डोकावू

कानाच्या पडद्यामागं तीन इवलीशी हाडं आणि त्यांच्याही मागं गोगलगायीच्या शंखासारखी वेटोळी नळी असते. त्या नळीत केसासारखे तंतू असलेल्या पेशी रांगेनं उभ्या असतात. एका कानात साधारण पंधरा-सोळा हजार. आवाजाची लाट आली की त्या डोलतात आणि मेंदूला निरोप जातो.

ज्वारीचं उभं पीक डोळ्यांपुढं आणा. वारा आला, पीक वाकलं, वारा थांबला, पुन्हा उभं राहिलं. लग्नातल्या डीजेजवळ तासभर नाचून आल्यावर कानाला दडे बसतात आणि सकाळपर्यंत मोकळे होतात, ते हेच वाकणं. पण गारपीट झाली तर ताट मोडतं. शेतात निदान दुबार पेरणी तरी करता येते, इथं तीही नाही. कोंबडीच्या कानात या पेशी पुन्हा उगवतात, माणसाच्या कानात उगवत नाहीत. मोडली ती कायमची. आणि दडे सकाळी निघाले म्हणजे काहीच मोडलं नाही, अशी खात्री त्यातून मिळत नाही. थोडं थोडं मोडत राहतं, कळतं फार उशिरा.

मोठ्या आवाजानं होणारी इजा बहुतेक वेळा 4000 हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बारीक सुरांपासून सुरू होते (हर्ट्झ म्हणजे सूर किती बारीक किंवा जाड, त्याचं माप). गाण्याच्या ठेक्याला काही होत नाही, तो ऐकू येतच राहतो, म्हणून माणूस गाफील राहतो. जातात ती बारीक अक्षरं: स, श, फ, थ. माझ्या लक्षात आलं ते गल्ल्यावर. गिऱ्हाईक म्हणालं “साठ”, मी ऐकलं “आठ”. दोन-तीनदा असं झाल्यावर गिऱ्हाइकाला वाटलं मी चेष्टा करतोय. बोलणं ऐकू येतं, पण काय बोलले ते कळत नाही, ही तक्रार कुणी केली तर हसण्यावारी नेऊ नका.

आठवड्याचा कोटा

जागतिक आरोग्य संघटनेनं एक साधा हिशेब दिला आहे. मोठ्या माणसानं 80 डेसिबलचा (डेसिबल म्हणजे आवाज किती मोठा, ते मोजायचं माप) आवाज आठवड्याला 40 तास ऐकला तर चालतं. लहान मुलांसाठी तोच आकडा 75 डेसिबलला 40 तास. इथवर सोपं आहे. खरी गोम पुढं आहे: आवाज 3 डेसिबलनं वाढला की वेळ निम्मी होते.

80 डेसिबल: 40 तास
83 डेसिबल: 20 तास
86 डेसिबल: 10 तास
89 डेसिबल: 5 तास
92 डेसिबल: अडीच तास
95 डेसिबल: सव्वा तास
98 डेसिबल: सुमारे 37 मिनिटं
101 डेसिबल: जेमतेम 19 मिनिटं

हे दिवसाचे नाहीत, आख्ख्या आठवड्याचे आकडे आहेत. 3 डेसिबल म्हणजे आवाजाची ऊर्जा दुप्पट. पण कानाला ते दुप्पट वाटत नाही, “जरासा मोठा झाला” एवढंच वाटतं. आवाज दुप्पट झाल्यासारखा वाटायला साधारण 10 डेसिबल वाढावे लागतात, आणि तोवर ऊर्जा दहापट झालेली असते. म्हणजे आपलं मन एका मापानं मोजतं आणि कान दुसऱ्या मापानं भरतो.

आमच्या लातूरकरांना हा हिशेब समजवायला मी पाण्याचा दाखला देतो. 2016 च्या उन्हाळ्यात मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं होतं, ते दिवस ज्यांनी काढले त्यांना कोटा म्हणजे काय हे वेगळं शिकवावं लागत नाही. आठवड्यातून एकदा पाणी मिळायचं, त्यात भरलेल्या हंड्यांवर आठ दिवस. पहिल्याच दिवशी मोटारसायकल धुतली तर गुरुवारी प्यायला काय? कानाचंही तसंच. लातूरहून संभाजीनगरला एसटीनं सहा तास लागतात. तेवढा वेळ 92 डेसिबलला गाणी ऐकली तर एका प्रवासात दोन आठवड्यांहून जास्तीचा कोटा संपतो. आणि 92 म्हणजे काही अचाट आवाज नाही. बऱ्याच इअरफोनचा पूर्ण आवाज 100 च्याही वर जातो.

आता कामाला लागू.

पायरी 1: घरी, शांत खोलीत आपला आकडा ठरवा

दुकानात, रस्त्यावर किंवा बसमध्ये आवाज ठरवू नका. रात्री खोलीत दार-खिडकी लावा, पंखा बंद करा. ओळखीचं एखादं गाणं लावा, बोल असलेलं. आवाज शून्यावर आणा आणि एकेक पायरी वाढवत जा. सगळे शब्द नीट कळायला लागले की थांबा. कुठं थांबलात ते मोजा. माझ्या फोनमध्ये आवाजाच्या 15 पायऱ्या आहेत, माझा आकडा 6 निघाला. बहुतेकांचा पाच ते आठमध्ये निघतो, आणि प्रत्येक जण म्हणतो, “एवढ्यावर ऐकू येतं?” येतं. शांततेत येतंच.

हा झाला तुमचा खरा आवाज. वरची हद्द म्हणून 60 टक्के धरा, म्हणजे 15 पैकी 9. बाहेर कितीही कालवा असला तरी 9 ओलांडायचे नाहीत. टक्के म्हणजे डेसिबल नव्हेत, हे मात्र ध्यानात ठेवा. एकाच फोनला दोन वेगळे इअरफोन लावले तर 9 वर एक सौम्य वाजतो, दुसरा कानठळ्या बसवतो. म्हणून नवा इअरफोन आणला की हा प्रयोग पुन्हा करायचा.

ब्लूटूथवाल्यांसाठी एक खाच सांगतो, कारण यात रोज कुणीतरी फसतं. काही नेकबँडना स्वतःचा वेगळा आवाज असतो आणि फोनचा वेगळा. फोनवर 7 दिसतात, पण नेकबँडचं बटण टोकाला गेलेलं असतं. नेकबँडवरचं बटण दाबल्यावर फोनच्या पडद्यावरची पट्टी हलते का बघा. हलली तर दोन्ही एकच आहेत. नाही हलली तर दोन्हीकडं लक्ष ठेवावं लागेल.

आयफोन असेल तर आणखी सोपं. त्याच्या हेल्थ ॲपमध्ये इअरफोनमधून किती डेसिबल आवाज किती वेळ गेला, याची नोंद आपोआप होते. काही अँड्रॉइड फोनमध्येही अशी नोंद सापडते, सेटिंगमध्ये आवाजाच्या विभागात शोधा.

पायरी 2: बाहेरचा गोंगाट आत येऊ देऊ नका

सगळ्यात जास्त फायदा इथं आहे, म्हणून इथं जरा रेंगाळतो.

इअरफोनच्या डबीत रबराच्या टोप्यांच्या तीन जोड्या येतात: लहान, मध्यम, मोठी. शंभरातले नव्वद लोक मध्यम लावलेली असते तीच वापरतात आणि उरलेल्या दोन डबीसकट फेकून देतात. कित्येकदा माझ्याच दुकानाच्या पायरीवर. त्या टोप्या म्हणजे कानाचं दार आहे. दार नीट लागलं नाही तर बसचा घरघराट आत येतो, गाण्याचा ठेका बाहेर जातो आणि माणूस म्हणतो, “याला बेस नाही,” आणि आवाज वाढवतो.

टोपी अशी तपासा. इअरफोन कानात घालताना दुसऱ्या हातानं कानाची पाळी वर आणि किंचित मागं ओढा, म्हणजे वाट सरळ होते. इअरफोन घालून थोडा फिरवा. आता गाणं न लावता दोन चुटक्या कानाजवळ वाजवा. आवाज लांबून आल्यासारखा वाटला पाहिजे. जबडा हलवून बघा, भाकरी चावल्यासारखा. सैल झालं तर मोठी टोपी लावा, दुखलं किंवा दाब वाटला तर लहान. दोन्ही कानांना एकच माप बसेल असंही नाही. माझ्या उजव्या कानाला मध्यम लागते, डाव्याला लहान.

कानाच्या तोंडावर नुसते टेकणारे, रबर नसलेले इअरफोनही मिळतात. घरात, वाचनालयात ते उत्तम, कान कोंदत नाही. पण एसटीत ते म्हणजे दार नसलेलं घर. मी एकदा अंबाजोगाईला जाताना फोनवरच्या ॲपनं बसमधला आवाज मोजला. खिडकी उघडी असताना 80 ते 85 दाखवत होता. असली ॲपं अंदाजच सांगतात, पण अंदाजही पुरेसा आहे: यावर गाणं चढवायचं तर ते 90 च्या पुढं जाणारच. त्याच बसमध्ये नीट बसलेल्या रबरानं माझं 7 वर भागलं. लालपरीत शक्यतो ड्रायव्हरमागची जागा टाळा, इंजिनाची घरघर तिथं सगळ्यात जास्त. मधल्या रांगा बऱ्या. खडखडणारी काच असेल तर कागदाची घडी करून फटीत खोचा. हसू नका, काम होतं.

“नॉइज कॅन्सलेशन” हा शब्द आता दीड हजाराच्या मालावरही छापलेला असतो. त्याचं काम असं चालतं: इअरफोनमधला माइक बाहेरचा आवाज ऐकतो आणि बरोबर त्याच्या उलटी लाट कानात सोडतो, दोन्ही एकमेकांना खातात. एकसुरी, जाड आवाजावर हे झकास चालतं. बसचं इंजिन, रेल्वेचा डबा, कूलर. हॉर्न, बोलणं, रडणारं पोर यावर कमी चालतं. रोज लांबचा प्रवास असेल तर पैसे वसूल. एक बारकावा: काही डब्यांवर “कॉलसाठी” नॉइज कॅन्सलेशन लिहिलेलं असतं. ते समोरच्याला तुमचा आवाज स्वच्छ जावा म्हणून असतं, तुमच्या कानाला त्याचा उपयोग नाही. डबी उलटून बारीक अक्षरं वाचा. दुकानदाराला विचारा, मलाही विचारा, सांगतो.

आणि जिथं बाहेरचं ऐकू येणं गरजेचं आहे तिथं ही सगळी दारं लावून फिरायचं नाही. रस्ता ओलांडताना, रुळाजवळ, गाडीवर, आणि हंगामात उसाच्या ट्रॉल्या चालू असताना तर मुळीच नाही. तिथं इअरफोन खिशात.

पायरी 3: फोनमधली सोय लावून ठेवा

बऱ्याच फोनमध्ये आवाजाला वरची हद्द घालता येते. आवाजाच्या सेटिंगमध्ये “मीडिया व्हॉल्यूम लिमिट” किंवा त्यासारखं नाव असतं. आयफोनमध्ये “हेडफोन सेफ्टी” खाली मोठा आवाज आपोआप कमी करण्याचं बटण आहे, त्यात 85 किंवा त्याहून कमी डेसिबल ठरवता येतात. एकदा लावलं की विसरून जायचं.

आवाज वाढवताना पडद्यावर जी सूचना येते, “जास्त वेळ मोठ्या आवाजात ऐकल्यास…” वगैरे, ती न वाचता “ठीक आहे” दाबायची आपल्याला सवय आहे. सगळ्या जगात ऐकण्याच्या उपकरणांना अशा सोयी असाव्यात म्हणून जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघ यांनी 2019 साली मिळून मानक जाहीर केलं. एवढ्या लोकांनी डोकं लावलंय, निदान वाचून तरी बघा.

रील बघताना जास्त सांभाळा. एक रील पुटपुटतं, पुढचं एकदम बोंबलतं. गाण्यांच्या ॲपमध्ये आवाज सारखा ठेवायची सोय असते, ती चालू करा. बेस वाढवायचा असेल तर इक्वलायझरमध्ये (जाड-बारीक सूर वेगवेगळे कमी-जास्त करायची सोय) बेस न वाढवता बाकीच्या पट्ट्या खाली घ्या.

पायरी 4: बाकीचा खर्चही त्याच कोट्यात

इथं बहुतेक जण चुकतात. कान इअरफोनचा वेगळा आणि डीजेचा वेगळा हिशेब ठेवत नाही.

जालन्याच्या लोखंडाच्या कारखान्यात, वाळूजच्या प्रेस शॉपमध्ये किंवा जिनिंगमध्ये आठ तास काम करणाऱ्याचा कोटा कामावरच उडतो. आपल्याकडच्या कारखान्यांच्या नियमात आठ तासांसाठी 90 डेसिबलची मर्यादा आहे. अमेरिकेतल्या कामगार-आरोग्य संस्थेची शिफारस 85 ची आहे. तेव्हा शिफ्ट सुटल्यावर कंपनीच्या बसमध्ये पुन्हा फुल आवाजात गाणी म्हणजे रिकाम्या टाकीत मोटार चालवणं. आणि मशीनचा आवाज झाकायला इअरफोन घालून वर गाणी लावणं त्याहून वाईट. कामावर इअरप्लग किंवा कानावर बसणारे मफ, तेच.

फोमचे प्लग मेडिकलमध्ये किंवा सेफ्टीचं सामान मिळतं तिथं दहा-वीस रुपयांत मिळतात. घालायची रीत: प्लग बोटांत धरून वातीसारखा बारीक वळा. दुसरा हात डोक्यावरून नेऊन कान वर ओढा. प्लग आत सारा आणि बोटानं अर्धा मिनिट धरून ठेवा, तो आत फुगतो. अर्धा बाहेर लोंबत असेल तर घातलाच नाही असं समजा. वरात, गणपती, जयंतीची मिरवणूक, सगळीकडं खिशात एक जोडी असू द्या. नाचता येतं त्यात, मी नाचलोय.

ध्वनिप्रदूषणाचे 2000 सालचे नियम रहिवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबलच म्हणतात, रात्री 10 ते सकाळी 6 लाउडस्पीकर बंद (वर्षातले ठरावीक दिवस सरकार रात्री 12 पर्यंत सूट देतं). नियम काय आणि आपल्या गल्लीत काय चालतं, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. मिरवणुकीत निदान डीजेच्या भिंतीसमोर उभं राहू नका. उघड्यावर अंतर दुप्पट केलं की आवाज साधारण 6 डेसिबलनं उतरतो, म्हणजे वेळ चौपट मिळते. आणि त्या आठवड्यात इअरफोनला सुट्टी.

पायरी 5: कान मोकळे सोडा

तासाभरानं दहा मिनिटं इअरफोन काढा. इतकंच.

अभ्यासिकेतल्या मुलांसाठी थोडं वेगळं. बरेच जण गाणी ऐकायला इअरफोन घालतच नाहीत, शेजारच्याची कुजबुज ऐकू येऊ नये म्हणून पावसाचा आवाज लावून दहा-दहा तास बसतात. पाऊस ऐकायची हौस असेल तर ऐका, पण शांतताच हवी असेल तर वर सांगितलेला दहा रुपयांचा फोमचा प्लग जास्त कामाचा, त्याला चार्जिंगही लागत नाही. लेक्चर दीडपट वेगानं ऐकताना शब्द निसटतात म्हणून आवाज वाढवला जातो. वेग सव्वापट करा, आवाज खाली येईल.

कानात गाणी ठेवून झोपी जाणाऱ्यांनी ॲपमधला झोपेचा टायमर लावावा, 20 मिनिटांचा.

पायरी 6: स्वच्छता, आणि लहानथोर

कानातला मळ कानच बाहेर टाकतो. इअरफोन रोज आत सारून आपण तो मागं ढकलतो, मग खुटी बसते, कमी ऐकू येतं आणि आवाज वाढतो. रबराच्या टोप्या आठवड्यातून एकदा काढून साबणाच्या पाण्यानं धुवा, पूर्ण वाळल्यावरच लावा. जाळी कोरड्या ब्रशनं झाडा. कानात काडी, पिन, कापसाची कांडी, लसणाचं तेल काहीही घालू नका, आणि बाजारात कान साफ करून देणाऱ्यापुढं डोकं तर मुळीच धरू नका. पावसाळ्यात कान ओला असताना इअरफोन घातला की बुरशी धरते, खाज सुटते. अंघोळीनंतर कान कोरडा होऊ द्या. एकमेकांचे इअरफोन वापरू नका, दोस्ती कितीही पक्की असली तरी.

लहान मुलांसाठी आवाज 85 च्या वर न जाणारे हेडफोन मिळतात. डबीवर विश्वास टाकण्याआधी स्वतःच्या कानाला लावून बघा. मूल हेडफोन घालून बसलं असेल आणि हातभर अंतरावरून तुम्हाला कार्टूनचे संवाद कळत असतील, तर आवाज जास्त आहे.

आमच्या दुकानात एक मामा येतात, दरवेळी “मोठ्या आवाजाचा द्या” म्हणतात. हरिपाठ ऐकतात पहाटे. चौथ्यांदा आले तेव्हा मी इअरफोन विकला नाही, म्हटलं, “मामा, आधी कान दाखवून या.” दोन्ही कानांत मळाची खुटी निघाली. आता त्यांना सगळ्यात स्वस्त इअरफोन पुरतो. धंदा गेला, पण मामा दर गुरुवारी चहा पाजतात.

पायरी 7: तपासणी कधी आणि कुठं

कानात शिट्टी किंवा गुणगुण एक-दोन दिवसांत थांबली नाही, टीव्हीचा आवाज घरातले कमी करतात आणि तुम्ही वाढवता, फोनवर दरवेळी “काय? काय?” करावं लागतं: कान-नाक-घसा तज्ज्ञाकडं जा. संभाजीनगरला घाटी आणि अंबाजोगाई, लातूर, नांदेड इथल्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयांच्या रुग्णालयांत हा विभाग आहे.

एका गोष्टीत मात्र थांबायचं नाही. एका कानानं अचानक, एका दिवसात किंवा दोन-तीन दिवसांत ऐकू येणं कमी झालं तर “मळ असेल, सर्दी असेल” म्हणत आठवडा घालवू नका. त्याच दिवशी डॉक्टर गाठा. उपचार लवकर सुरू झाले तर ऐकू येणं परत येण्याची शक्यता वाढते. गायिका अलका याज्ञिक यांनी जून 2024 मध्ये स्वतः जाहीर केलं की विषाणूच्या संसर्गानंतर त्यांना एकाएकी ऐकू येणं कमी झालं. ते हेडफोनमुळं झालं असं त्या म्हणाल्या नव्हत्या, फॉरवर्डवाल्यांनी तसं करून टाकलं. पण त्याच निवेदनात त्यांनी चाहत्यांना फार मोठा आवाज आणि हेडफोन यांबद्दल सावधही केलं होतं.

तपासणीला घाबरायचं कारण नाही. एका बंद, आवाज न येणाऱ्या खोलीत बसवतात, हेडफोन लावतात, हातात बटण देतात. बारीकसा “टूं” ऐकू आला की दाबायचं. सुई नाही, काही नाही. शेवटी एक आलेख मिळतो. वर आडव्या रेषेत हर्ट्झ, बाजूला खाली खाली वाढत जाणारे डेसिबल. साधारण 25 डेसिबलच्या आत खुणा असल्या तर ठीक. माझी रेघ 2000 पर्यंत नीट चालत आली, 4000 ला खड्ड्यात उतरली, 8000 ला पुन्हा थोडी वर आली. त्या मॅडमनी न विचारताच सांगितलं, “आवाजात काम करता का?” मी म्हटलं, “इअरफोन विकतो.” त्यांनी क्षणभर माझ्याकडं बघितलं आणि डाव्या कानाच्या खड्ड्याभोवती पेनानं गोल केला.

तेव्हापासून दुकानात माल तपासायचा फोन वेगळा ठेवलाय. त्याची आवाजाची हद्द 8 वर बांधली आहे, आणि ज्याला ऐकून बघायचं त्याला मागच्या खोलीत पाठवतो. दोन गिऱ्हाइकं यावरून शेजारच्या दुकानात गेली, तिथं म्हणे फुल वाजवून दाखवतात.

तो जूनमधला पोरगा चार-पाच दिवसांनी परत आला होता. मला वाटलं नेकबँड बिघडला. “भाऊ, त्या दिवशी डबीतल्या बारक्या टोप्या तुम्ही खिशात ठेव म्हणलाव ना,” तो म्हणाला, “त्यातली एक मेसमध्ये हरवली. डाव्या कानाची. एक सुटी मिळंल का?”